जबडा दुखतोय, पण मूळ मानेत? कायरोप्रॅक्टरचा अनुभव आणि काही प्रश्न

इंद्रायणीकाठ

गेल्या जूनपासून माझा डावा जबडा दुखतोय. दाढेसारखा ठणका नाही. कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून तोंड उघडलं की हाड सरकल्यासारखं लागतं ना, तिथे जड, ओढल्यासारखं दुखणं, आणि तोंड उघडताना 'कट्' असा आवाज. सकाळी जास्त. जांभई यायला लागली की मी हनुवटीखाली मूठ धरायचे. आम्ही राहतो आयोवात. ऑगस्टमध्ये इथे मक्याची कणसं ढिगाने येतात. ती दातांनी खाता येईनात म्हणून मी सुरीने दाणे सोलून वाटीत घेऊन बसले, तेव्हा नवरा म्हणाला, "आता मात्र दाखव कुणाला तरी."

आधी नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, कारण मला वाटत होतं कानच दुखतोय. कान स्वच्छ निघाला. मग डेंटिस्ट. एक्स-रे काढला, दाढा ठणठणीत. झोपेत दात खातेस म्हणाले आणि नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कवच, करून दिलं, साडेपाचशे डॉलर. दातांचा इन्शुरन्स म्हणाला हे वैद्यकीय आहे, वैद्यकीय म्हणाला हे दातांचं आहे. पैसे शेवटी आमचेच गेले. तीन महिने नेमाने लावलं. दात वाचले असतील, दुखणं जिथल्या तिथे.

मी एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. त्याच बाजूची मान दीड वर्षापासून आखडलेली. ऑफिसात समोर मोठा स्क्रीन आणि डावीकडे लॅपटॉप, दिवसभर तिरकं बघणं. शनिवारी सकाळी आईशी तासभर फोन, तोही कान आणि खांद्यामध्ये धरून, कारण हात पोळ्यांत.

आता आम्ही राहतो ते नेमकं कुठे, तर डेव्हनपोर्टजवळ. मिसिसिपीच्या पलीकडे मोलीन. तिथे जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीचं मुख्यालय, त्यामुळे पुण्याहून आलेली मराठी मंडळी आसपास बरीच. आणि अलीकडे डेव्हनपोर्ट, म्हणजे कायरोप्रॅक्टिकची, हाताने मणके दाबून-वळवून उपचार करण्याच्या पद्धतीची, पंढरी. १८९५ साली इथेच डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड या जवळपास बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी या शास्त्राची जन्मकथा. १८९७ पासूनचं त्यांचं कॉलेज अजून टेकडीवर उभं आहे. इथे कुणाच्याही घरी जा, एखादा मेहुणा किंवा भाची कायरोप्रॅक्टर निघतेच. त्यामुळे "मान दाखव की" हा सल्ला मला आठवड्यातून दोनदा मिळत होता.

गेले. पहिला अनुभव वाईट. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. उभ्या उभ्या अख्ख्या पाठीचा एक्स-रे, त्यावर लाल पेनने रेघा, "तुझी मान सरळ झालीय, वळण गेलंय." छत्तीस बैठकांचं पॅकेज, आगाऊ पैसे भरले तर सवलत. जबड्याला त्यांनी हातही लावला नाही. मी हो-नाही करेपर्यंत डोकं दोन्ही हातांत धरून कडकन वळवलं. आवाज एवढा की माझेच डोळे विस्फारले. खरं सांगते, दहा मिनिटं इतकं हलकं वाटलं की पॅकेज घ्यावं असं वाटलं. संध्याकाळी मात्र गरगरायला लागलं. रात्रभर नवरा दर दोन तासांनी उठवून "नीट बोलतेस ना?" विचारत होता. दुसऱ्या दिवशी थांबलं. परत गेले नाही.

डिसेंबरात दुसऱ्या एका बाईंकडे गेले, त्याही कायरोप्रॅक्टरच. पन्नाशीच्या पुढच्या. पहिली पंचवीस मिनिटं नुसते प्रश्न. अपघात झाला होता का, अर्धशिशी आहे का, चक्कर, दोन दोन दिसणं, बीपी, घरात कुणाला स्ट्रोक. जिना चढताना जबडा दुखतो का हेही विचारलं. मला गंमत वाटली, मग कळलं की त्या हृदयाचं विचारत होत्या. आधीच्या ठिकाणी गरगरलं होतं हे सांगितल्यावर त्यांनी डोळे, चालणं, बोटाला बोट लावणं सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "तुझी मान मी कडकन वळवणार नाही. त्याची गरजही नाही."

मग प्लास्टिकची पट्टी माझ्या पुढच्या दातांमध्ये उभी धरून आ करायला सांगितला. ३१ मिलिमीटर. साधारण चाळीस ते पन्नास असायला हवं. शिवाय माझी हनुवटी उघडताना डावीकडे वळत होती. आरशात इतकी वर्षं बघून मला ते कधी दिसलं नव्हतं.

एक प्रयोग त्यांनी करायला लावला, तो तुम्हीही आत्ता करा. मोबाइल बघताना काढतो तशी मान पुढे काढा आणि दात हलके मिटा. आता मान मागे घ्या, दुहेरी हनुवटी होईल इतकी, आणि पुन्हा मिटा. दात वेगळ्या जागी टेकतात.

नंतर कानामागून गळ्याच्या हाडाकडे तिरका उतरणारा जाड स्नायू असतो, तो त्यांनी चिमटीत धरला आणि तसाच धरून ठेवला. पाच-सहा सेकंद काही नाही. मग दुखायला लागलं, पण मानेत नाही, कानापुढे. तेच दुखणं, तीच जागा. मी टेबलावरून जवळजवळ उठलेच. "हेच का?" त्यांनी विचारलं. हेच. यानंतर हातमोजा घालून गालाच्या आतून, वरच्या दाढांच्या मागे बोट नेलं. त्याचं वर्णन करत नाही, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सात आठवड्यांत सहा वेळा गेले. मानेच्या वरच्या मणक्यांना हळू, लयीत दाब, तोंडाच्या आतले-बाहेरचे स्नायू दाबणं, आणि घरी व्यायाम: जीभ टाळूला टेकवून, जेवढं जीभ न सोडता उघडेल तेवढंच तोंड उघडायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. हनुवटी मागे घेणं. दिवसभर ओठ मिटलेले, दात मात्र सुटे. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मी कोड लिहिताना दात आवळून बसते हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. स्क्रीनच्या कडेला पिवळी चिठ्ठी लावलीय, "दात!" एवढंच लिहून.

आता ४० मिलिमीटर उघडतं. दुखणं दहापैकी सहावरून दोनवर आलंय. पण लॅपटॉप मी समोर आणला, फोनला इअरफोन लावले, नाइट गार्ड चालूच आहे. कशाने बरं वाटलं कोण जाणे.

प्रश्न: मान आणि जबड्याचा हा संबंध खरा आहे का? 'कडकन' प्रकार करून घ्यावा का? आणि जुलैत दोन महिने पुण्यात आहे, तिथे कुणाकडे जावं?

पोहेवाली

मी मान पुढे-मागे करून दात मिटून पाहिले. ऑफिसात. मॅनेजर विचारतोय बरं आहे ना.

शंकासुर

अनुभव छान लिहिलाय, पण जन्मकथा वाचून राहवत नाही. ऐकण्याची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्याशी तिचा संबंध येत नाही. म्हणजे जी गोष्ट घडूच शकत नाही तिच्यावर अख्खं शास्त्र उभं. पामरचं म्हणणं होतं की बहुतेक सगळे रोग मणके जागचे हलल्याने होतात. त्याला ही मंडळी 'सब्लक्सेशन' म्हणतात, आणि तुम्हाला लाल पेनने दाखवल्या त्या रेघा म्हणजे तेच. सरळ मान असलेली कितीतरी माणसं मजेत असतात.

तुमच्या दुसऱ्या बाईंनी जे केलं त्यात कायरोप्रॅक्टिक म्हणावं असं काय होतं? स्नायू दाबणं, व्यायाम, बसण्याची सवय. हे कुठलाही चांगला फिजिओ करतो. श्रेय पाटीला देऊ नका.

इंद्रायणीकाठ

@शंकासुर, श्रेय पाटीला देत नाहीये. दोन पाट्या सारख्याच होत्या, म्हणून तर लिहिलं. पहिल्या दवाखान्यात भिंतीवर पामरचा फोटो होता. दुसऱ्या बाईंना मी लिलार्डची गोष्ट विचारली तर हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरातला तो म्हातारा काका आहे, लग्नात बोलवावं लागतं."

रांगडा_गडी

डेव्हनपोर्टपर्यंत कशाला जायचं? आमच्या गावात उसण भरली की पायाळू माणसाकडे नेत्यात. माझा थोरला चुलता पायाळू. सकाळी सकाळी माणसं ओट्यावर येऊन पालथी पडायची, ह्यो चहा पिता पिता पाय लावून जायचा. फी काही नाही, एखादा नारळ. निम्मी जण बरी व्हायची. उसण तशीही चार दिसांत जातीच म्हणा.

पण मानेला त्यानं कधी पाय लावला नाही. मान म्हटलं की सांगायचा, डाक्टरकडं जावा. शिकलेला नव्हता, पण तेवढं कळत होतं त्याला.

कणा_मणका

मी फिजिओथेरपिस्ट, ठाण्यात. जबड्याचे पेशंट आठवड्याला दोन-तीन तरी बघते, म्हणून सविस्तर.

संबंध खरा आहे. चेहरा आणि जबड्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस मेंदूच्या बुडाशी पोचते. तिथलं तिचं केंद्र लांबट असतं आणि त्याचं खालचं टोक मानेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या पातळीपर्यंत मज्जारज्जूत उतरतं. मानेच्या वरच्या नसाही त्याच ठिकाणी येऊन मिळतात. दोन वाड्यांना मिळून एकच टपालपेटी असावी तसं. पत्र मानेच्या वाड्यातून येतं, मेंदू ते जबड्याच्या वाड्यातलं समजून वाचतो. उलटही होतं, जबडा बिघडला की मान आणि डोकं दुखतं. तुमची मान चिमटीत धरली आणि दुखलं कानापुढे, ते याच वाटेने. त्या तिरक्या स्नायूचं आणि खांद्यावरच्या स्नायूचं दुखणं कपाळ, कानशील, कान, जबडा इथे उमटतं, हे जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी फार पूर्वी नकाशे काढून दाखवलंय.

पण संबंध आहे म्हणजे मूळ दर वेळी मानेतच असतं असं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत काहींची चकतीच सरकलेली असते. जबड्याच्या सांध्यात एक छोटी कुर्चेची चकती असते. ती पुढे सरकली की तोंड उघडताना हाड तिच्यावर उडी मारून चढतं, तोच 'कट्'. नुसता आवाज असेल आणि दुखत नसेल तर काहीही करू नका. आवाज घालवण्यासाठी येणारे पेशंट मी परत पाठवते. आवाज अचानक बंद झाला आणि तोंड उघडेनासं झालं, तर मात्र लगेच दाखवा.

कडकन आवाजाचं: सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा तो आवाज. बोटं मोडतो तसाच. काही 'जागेवर बसल्याचा' तो पुरावा नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून हे चित्रित केलं होतं. दहा मिनिटं हलकं वाटलं ते खोटं नव्हतं, पण ते टिकत नाही.

शंकासुर

@कणा_मणका, उत्तम. त्याला जोड म्हणून: २०२३च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल मार्गदर्शिका आली. ठामपणे सुचवलेल्या गोष्टी कोणत्या, तर देखरेखीखाली जबड्याचे आणि बसण्या-उभं राहण्याचे व्यायाम, हाताने सांधा हळू हलवणं, स्नायूंतल्या गाठी दाबणं, समुपदेशनाने दुखण्याकडे बघायची सवय बदलणं, आणि रोगाची नीट माहिती. झटका देऊन हलवण्याला सौम्य पाठिंबा आहे, पण तो वरच्या यादीत नाही. स्प्लिंट (नाइट गार्डसारखी साधनं), बोटॉक्स, लेसर यांना सौम्य नकार. चकती काढून टाकण्याच्या ऑपरेशनला ठाम नकार. बहुतेक गोष्टी फुकट किंवा स्वस्त आहेत, म्हणून कुणी त्यांची जाहिरात करत नाही.

टोरांटोकर

इथे टोरांटोत कायरोप्रॅक्टरांचं कॉलेज १९४५ पासून आहे, परवाना, नियम सगळं आहे. तरी मानेला झटका द्यायचा तर आधी संमतिपत्रावर सही घेतात आणि त्यात स्ट्रोक हा शब्द असतो. ती सही करताना माझा हात अडला होता, म्हणून त्या वेळी वाचलं होतं ते लिहितो.

मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते, ती वर गेली की स्ट्रोक. क्वचित होतं, पण तरुणांना होतं. झटक्यामुळे होतं का, यावर भांडण आहे. २००८ मध्ये आमच्या ओंटारिओतल्याच नोंदींवरून अभ्यास झाला. असा स्ट्रोक झालेल्यांनी आधी कायरोप्रॅक्टर गाठला होता तसाच साध्या डॉक्टरलाही गाठला होता, प्रमाण साधारण सारखंच. म्हणजे रोहिणी आधीच फाटायला लागलेली, त्यामुळे मान दुखते, म्हणून माणूस कुणाकडे तरी जातो. पण हे कायरोप्रॅक्टरांच्या बाजूचं म्हणून वाचू नका. अशा फाटत्या रोहिणीच्या मानेला झटका मिळाला तर काय? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलं की संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही, आणि पेशंटला आधी सांगितलं पाहिजे.

मी सही केली नाही. हळू दाबून घेतलं आणि घरी आलो.

कणा_मणका

बरोबर. आणि हे सगळ्यांसाठी, फक्त कायरोप्रॅक्टरकडे जाणाऱ्यांसाठी नाही. आपल्याकडे सलूनमध्ये चंपी झाली की कारागीर न विचारता दोन्ही बाजूंना मान मोडतो. नको म्हणायला लाजू नका. मान किंवा डोकं कधी नव्हे असं एकाएकी दुखायला लागलं, सोबत दोन दोन दिसणं, बोलताना अडखळणं, घास न गिळता येणं, चालताना झोक जाणं यांतलं काहीही असेल तर तेल, शेक, मालिश काही नको. थेट मोठं हॉस्पिटल.

@इंद्रायणीकाठ, तुम्ही त्या रात्री घरी झोपलात हे मला पटलेलं नाही. नवऱ्याने दोन तासांनी उठवण्याऐवजी गाडी काढायला हवी होती.

इंद्रायणीकाठ

मान्य. दुसऱ्या बाईंनीही हेच ऐकवलं, जरा जास्त कडक शब्दांत.

दातओठ

उशिरा येतोय. जळगावला डेंटिस्ट आहे. नाइट गार्डला धाग्यावर बरंच बोलणं बसलंय म्हणून आधी त्याची बाजू: ते दात झिजू नयेत म्हणून असतं. दुखणं जाईल असं ज्याने सांगितलं त्याने जास्त सांगितलं. दात घासून वर-खाली जुळवून देतो असं कुणी म्हणालं तर मात्र उठून या. घासलेला दात परत येत नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. आयोवात जबडा उघडत नाही म्हटलं की सांधा, स्नायू, मान आठवते. माझ्या खुर्चीत तेवीस वर्षांचा मुलगा येऊन म्हणतो तोंड उघडत नाही, तेव्हा मी आधी त्याचे दात बघतो, लालसर तपकिरी आहेत का. गेल्या दिवाळीनंतर असाच एक आला. दोन महिने कुणा मान-पाठवाल्याकडे मालिश घेत होता, कारण व्हिडिओत पाहिलं होतं की मान सुटली की जबडा सुटतो. माझी दोन बोटंही त्याच्या तोंडात उभी मावेनात. गालाच्या आतून बोट फिरवलं तर तारेसारखे पट्टे हाताला लागले. भाजीची फोडणीसुद्धा झोंबते म्हणाला. ही सुपारी. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, कागदावर. या आजारात गालाचं मऊ अस्तर आवळून चामड्यासारखं होतं, आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. याला मान मोडून काय होणार? पोराचे दोन महिने मात्र गेले.

घरच्या घरी बघायचं तर आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं, अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर आधी तोंडात बघणाऱ्याकडे जा. मानेचं नंतर.

पुण्या-मुंबईत कुणाकडे जावं यावर: दंत महाविद्यालयात 'ओरल मेडिसिन' विभाग असतो, तिथे जबड्याच्या दुखण्याची ओपीडी बघतात. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, संभाजीनगरला आहेत, खर्च नगण्य. खासगी कॉलेजं पुण्यात बरीच.

कणा_मणका

आणि कायरोप्रॅक्टिकचं म्हणाल तर अमेरिकेत प्रत्येक राज्यात परवाना लागतो, इंग्लंडात १९९४ पासून कायदा आहे. आपल्याकडे त्यासाठी वेगळी परिषद नाही. परदेशातून रीतसर शिकून आलेले मोजके लोक आहेत, आणि आठ दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावणारेही आहेत. बाहेरून दोन्ही बोर्ड सारखेच दिसतात. फिजिओची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते, ती मागा. मागितली म्हणून कुणी रागावत असेल तर तेच उत्तर समजा.

पोहेवाली

तीन बोटं गेली. मॅनेजर आता काही विचारत नाही, लांबूनच बघतोय.

मधुमालती७

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचक. धागा वाचून सासूबाईंचं आठवलं. वय ७१, साताऱ्याला असतात. दीड महिना झाला, जेवताना जबडा दुखतो म्हणतात. दुखतो म्हणजे अर्धी भाकरी झाली की भरून येतो, थांबल्या की पाच मिनिटांत बरं. परत घास घेतला की परत. मान आणि खांदेही सकाळी धरतात, हात वर करून पातळ नेसता येत नाही. डोकं एका बाजूने दुखतं. कवळी नवीन आहे म्हणून आम्ही तिच्यावर ढकललं. पुढच्या रविवारी जवळच मान-पाठ 'सेट' करून देणारं शिबिर आहे, दीर नाव नोंदवणार आहेत. न्यावं का? तुमच्या बाईंसारखं हळू करायला सांगू का?

दातओठ

@मधुमालती७, शिबिराला अजिबात नेऊ नका. एकच विचारा: फणी फिरवताना डोकं दुखतं का? कानशिलावरची शीर जाड, हाताला टणक लागते का? नजर मध्येच अंधूक होते का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, फोनही करा.

मधुमालती७

आत्ता फोन केला. फणी लावूच देत नाहीत म्हणे, पंधरा दिवस नुसता अंबाडा वळतात. आम्हाला वाटलं वयाप्रमाणे कंटाळा करतात. गुरुवारी टीव्ही बघताना डावा डोळा पाच मिनिटं 'पडदा ओढल्यासारखा' झाला होता, कुणाला बोलल्या नाहीत.

दातओठ

उद्या नाही, आज. फिजिशियनकडे. चिठ्ठीवर लिहून न्या: वय ७१, चावताना दमणारा जबडा, डोक्याची कातडी दुखते, डोळ्यासमोर पडदा. ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करायला सांगा. कानशिलाच्या रोहिणीला सूज येण्याचा आजार असतो, पन्नाशीनंतरच होतो, आपल्याकडे कमी दिसतो म्हणून सुचत नाही. त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो. डॉक्टरांना शंका आली तर ते तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबत नाहीत, स्टिरॉइड लगेच सुरू करतात.

जबडा उघडताना दुखणं आणि चावून चावून दमणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी पाय चालून दुखतात तशी, रक्त कमी पडल्याची.

शंकासुर

दातओठ यांना साष्टांग. मधुमालती, काय झालं ते लिहा.

इंद्रायणीकाठ

मी पण सारखी पान उघडून बघतेय. जिना चढतानाचा प्रश्न त्या बाईंनी विचारला तेव्हा मला गंमत वाटली होती. आता नाही वाटत.

मधुमालती७

सगळ्यांना आज लिहायला वेळ मिळाला. त्याच रात्री नेलं. ईएसआर ९६ आला. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, कानशिलावर दोन बोटं ठेवली आणि तिथूनच पुण्याला डोळ्यांच्या आणि संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलले. स्टिरॉइड रात्रीच सुरू झालं. शुक्रवारी पुण्यात शिरेचा तुकडा तपासायला घेतला, रिपोर्ट यायचाय. डोळा वाचलाय, डाव्याची कड थोडी अंधूक आहे, ती येईल की नाही सांगत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर पलंगावर बसून वेणी घालत होत्या. भाकरी अख्खी खातात. साखर मात्र २६० झालीय गोळ्यांमुळे, ती रोज बोट टोचून लिहून ठेवायला सांगितलंय. दिरांनी शिबिराचे पैसे परत मागितले, ते म्हणतात पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला घेऊन या.

इंद्रायणीकाठ

केवढं बरं वाटलं वाचून. @कणा_मणका, मी १२ जुलैला पोचतेय, ठाण्याला यायची तयारी आहे. वेळ कशी घ्यायची ते व्यनि करा. पट्टी मी घेऊन येते, बाईंनी भेट दिलीय.

रांगडा_गडी

चुलत्याला वाचून दाखवला धागा. म्हणतोय, म्हातारीच्या डोक्याला कुणी तेल चोळलं असतं तर? मी म्हटलं आता गप बस, चहा पी.